प्रश्न बोटांचा नाही

प्रोग्रॅमरची ऑपरेटिंग सिस्टिम बदलली, म्हणजे बहुतेक वेळा कंपनीने बदलली, की आजूबाजूचे लोक त्याला एक ठरलेला दिलासा देतात. भाषा तीच, एडिटर तोच, गिट तेच. चार शॉर्टकट बदलतील, आठवडाभरात हात बसेल. कुणी कुरकुर केलीच तर पुढचं वाक्य तयारच असतं: चांगल्या प्रोग्रॅमरला ओएसने काय फरक पडतो? आमच्या धंद्यात हे वाक्य सुभाषितासारखं फिरतं, आणि सुभाषितं सहसा कुणी तपासून पाहत नाही.

मला हे मत चुकीचं वाटतं, आणि ते का चुकीचं आहे हे सांगण्याआधी पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, कारण तो दुबळा नाही. १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने जावा आणली तीच 'एकदा लिहा, कुठेही चालवा' असं सांगत. पुढे ब्राउझरचा जोर वाढला आणि अर्धंअधिक सॉफ्टवेअर त्याच्या आत जाऊन बसलं. २०१३ मध्ये डॉकर आलं; प्रोग्रॅमला लागणारा सगळा संसार त्याच्याबरोबरच बांधून देण्याची सोय झाली. २०१५ मध्ये व्हीएस कोड आला, तो विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही ओएसवर सारखाच दिसतो. आज हिंजवडीतल्या कितीतरी टेबलांवर लॅपटॉप विंडोजचा असतो आणि त्यावर लिहिलेला कोड कुठल्याशा क्लाउडमधल्या लिनक्सवर चालतो. मग समोरचं यंत्र कुठलं याला महत्त्व ते काय उरलं? जो फक्त ब्राउझरमधलं जावास्क्रिप्ट लिहितो त्याच्यापुरतं हे जवळजवळ खरं आहे, हे मी आधीच कबूल करतो.

पण एवढ्या मुभेवरून 'फरक फक्त बोटांच्या सवयीचा' हा निष्कर्ष निघत नाही. ओएसच्या बाबतीत शॉर्टकट ही सगळ्यात वरवरची गोष्ट. खाली आणखी एक थर असतो: प्रोग्रॅम जन्माला कसा येतो, फाइलचं नाव म्हणजे नेमकं काय, उघडी फाइल पुसता येते की नाही, मजकूर बाइट्समधून कसा वाचायचा. या प्रश्नांची उत्तरं आपण रोज गृहीत धरतो, आणि गृहीत धरलेली गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. ओएस बदलली की नेमकी हीच उत्तरं बदलतात.

आधी ज्यांची भिस्त भाषेवर आहे त्यांच्यासाठी एक उदाहरण. रस्ट ही सुरक्षिततेसाठी नावाजलेली भाषा. एप्रिल २०२४ मध्ये तिच्या स्टँडर्ड लायब्ररीतली एक त्रुटी जाहीर झाली. तिला तीव्रतेच्या मोजपट्टीवर १० पैकी १० गुण मिळाले. ही त्रुटी फक्त विंडोजवर होती. कारण पाहण्यासारखं आहे. युनिक्सच्या घराण्यात एका प्रोग्रॅमने दुसरा सुरू केला, की आर्ग्युमेंट्सची यादी सुटी-सुटी, जशीच्या तशी पलीकडे जाते. विंडोजमध्ये यादी जातच नाही. एक सलग ओळ जाते, आणि ती कुठे तोडायची हे ज्याचं त्याने ठरवायचं. बहुतेक प्रोग्रॅम ती एका रूढ पद्धतीने तोडतात. बॅच फाइल चालवणारा सीएमडी मात्र ती स्वतःच्या वेगळ्याच नियमांनी वाचतो. रस्टने रूढ पद्धतीप्रमाणे अवतरणचिन्हं सांभाळली, सीएमडीने त्यांचा अर्थ भलताच लावला, आणि बाहेरून आलेल्या मजकुरातून नको तो आदेश चालवण्याची वाट मोकळी झाली. हे फक्त रस्टचंच झालं असं नाही. नोड, पीएचपी, हॅस्केल यांनाही ते भोवलं. दुरुस्ती करताना रस्टच्या मंडळींनी सरळ ठरवलं की एखादं आर्ग्युमेंट सुरक्षितपणे पाठवता येत नसेल तर एरर द्यायची, कारण सगळ्या प्रसंगी पुरून उरेल असा उपायच सापडेना. भाषा तीच होती. ती लिहिणारे लोक या विषयातले जाणकार होते. तरीही ओएस खालून वर आलीच.

याच थरातली एक छोटी गोष्ट. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये तारांकन टाकलं की त्याचा विस्तार शेल करतं आणि प्रोग्रॅमच्या हाती फाइलींची तयार यादी पडते. सीएमडीमध्ये ते तारांकन जसंच्या तसं प्रोग्रॅमपर्यंत पोचतं. काय करायचं ते त्याने पाहावं. इकडचा माणूस तिकडे गेला की त्याची स्क्रिप्ट 'तारांकन नावाची फाइल सापडत नाही' म्हणून अडून बसते, आणि तो अर्धा दिवस भलतीकडेच शोधत राहतो.

आता नावांकडे येऊ. लिनक्सच्या कर्नलच्या स्वतःच्या सोर्समध्ये, नेटफिल्टरच्या भागात, अशा फाइलींच्या जोड्या आहेत की एकीच्या नावात कॅपिटल अक्षरं आणि दुसरीच्या नावात तीच अक्षरं स्मॉल. लिनक्सला त्या दोन वेगळ्या फाइली. नव्या मॅकवर, काही न बदलता, हाच सोर्स उतरवला तर दोहोंपैकी एकच उरते आणि गिट 'तुम्ही फाइल बदललीत' अशी तक्रार करतं. आपण तर हातही लावलेला नसतो. त्याच सोर्समध्ये 'ऑक्स' नावाच्या फाइली आहेत, आणि डॉसच्या जमान्यात ते नाव एका पोर्टसाठी राखून ठेवलेलं असल्यामुळे विंडोजने अनेक वर्षं तसली फाइल साधेपणाने बनवूच दिली नाही. रोजच्या कामात याचं रूप आणखी साधं असतं. मॅकवर बसलेली मुलगी फाइलचं नाव एका ठिकाणी मोठ्या अक्षराने आणि इंपोर्टमध्ये लहान अक्षराने लिहिते. तिच्या यंत्रावर सगळं हिरवं, लिनक्स सर्व्हरवर बिल्ड लाल. 'माझ्याकडे तर चालतंय' हे वाक्य इथे अगदी प्रामाणिक असतं.

मराठीत लिहिणाऱ्याला तर याहून जवळचा अनुभव येतो. कऱ्हाड, वऱ्हाड, तऱ्हा, दऱ्या, सुऱ्या: हा ऱ आपल्याला पावलोपावली लागतो. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो, एक तर स्वतंत्र चिन्ह म्हणून, किंवा साधा र आणि त्याच्यापुढे नुक्ता म्हणून. यूटीएफ-८ मध्ये पहिल्या प्रकाराला ३ बाइट लागतात, दुसऱ्याला ६. डोळ्यांना दोन्ही सारखेच. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइल सिस्टिम फाइलचं नाव साठवताना अशी अक्षरं स्वतःच फोडून ठेवायची. तुम्ही अखंड ऱ टाइप केलात तरी डिस्कवर र आणि नुक्ता. २०१७ पासून आलेली एपीएफएस तुम्ही दिलंत तसं ठेवते, पण दोन्ही रूपं एकच मानते. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमला अक्षरांशी काही देणंघेणं नाही. तिच्या लेखी नाव म्हणजे बाइट्सची माळ. परिणाम असा की जुन्या मॅकवरून आलेली 'कऱ्हाड' आणि लिनक्सवर नव्याने टाइप केलेली 'कऱ्हाड' एकाच फोल्डरमध्ये शेजारी शेजारी नांदू शकतात, आणि प्रोग्रॅमने एकीचं नाव सांगितलं तर दुसरी सापडत नाही. गिटला २०१२ मध्ये केवळ मॅकच्या या खोडीसाठी वेगळी सेटिंग द्यावी लागली. हात कितीही सरावला तरी हा बिघाड हाताला कळणार नाही. तो माहीत असावा लागतो.

फाइलीच्या आतल्या मजकुराचंही तसंच. जावाने सगळीकडे यूटीएफ-८ हेच मूळ एन्कोडिंग मानायला २०२२ उजाडलं, आवृत्ती १८. त्याआधी 'फाइल वाच' एवढंच लिहिलं तर विंडोजवर त्या यंत्राच्या कोडपेजने वाचली जायची. देवनागरीसाठी विंडोजमध्ये तसं जुन्या पद्धतीचं कोडपेज कधी नव्हतंच. इथल्या यंत्रांवर ते पश्चिम युरोपचं असायचं. मराठी मजकुराच्या जागी टोप्या आणि टिंबं लावलेली रोमन अक्षरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. तोच कोड लिनक्सवर बिनबोभाट चालत होता. 'एकदा लिहा, कुठेही चालवा' ही घोषणा दिल्यानंतर २७ वर्षांनी ही दुरुस्ती झाली, हेही पूर्वपक्षाने लक्षात घ्यावं.

आमच्याकडे या विषयाला आणखी एक पदर आहे. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून पोरांच्या कित्येक तुकड्या टर्बो सी वर शिकून बाहेर पडल्या. हाताशी नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी'. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला पडदा साफ करायचा, शेवटी एक कळ दाबेपर्यंत थांबायचं, हे श्लोकासारखं पाठ. त्या दोन्ही गोष्टी सी भाषेच्या नव्हत्या, डॉसच्या होत्या. लिनक्सवर तो प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही. टर्बो सी मधला इंट १६ बिटांचा, म्हणून ३२७६७ नंतर आकडा उलटतो, हेही सी चं वैशिष्ट्य म्हणून शिकवलं गेलं. पोरं भाषा शिकतोय असं समजून एका ओएसचे रीतिरिवाज शिकत होती. दोन्ही एकमेकांत इतकं मिसळलेलं असतं की घर बदलेपर्यंत ते वेगळं आहे हे कळत नाही. आणि हे फक्त जुन्या काळाचं दुखणं नव्हे: आजच्या ६४ बिटी यंत्रांवरही सी मधला 'लाँग' लिनक्स आणि मॅकवर ८ बाइट्सचा, तर विंडोजवर ४ बाइट्सचा. फाइलीत आपण कुठे आहोत हे सांगणारं सी चं जुनं फंक्शन 'लाँग' परत देतं, म्हणून २ जीबीच्या पुढे ते विंडोजवर गडबडतं.

प्रोसेसची गोष्ट याहून खोल जाते. युनिक्समध्ये चालता प्रोग्रॅम स्वतःची प्रत काढतो, त्याला फोर्क म्हणतात, आणि ही क्रिया स्वस्त असते. विंडोजमध्ये नवी प्रोसेस कोरी उभारली जाते आणि ती तुलनेने महाग पडते. तिथली संस्कृती म्हणून थ्रेडची. पायथनमध्ये चार प्रोसेसेसना काम वाटून देणारा कोड घ्या. मुख्य प्रोग्रॅमने आधी एक मोठा कोश मेमरीत वाचून ठेवला आहे आणि त्याची पोरं, म्हणजे त्या चार प्रोसेसेस, तो वापरणार आहेत. लिनक्सवर अनेक वर्षं ती पोरं फोर्कने जन्मत, म्हणून कोश त्यांच्याकडे आपोआप असे. विंडोजवर प्रत्येक पोर कोऱ्या पाटीने जन्मतं, मूळ फाइल पुन्हा पहिल्यापासून वाचतं, आणि मुख्य भाग पहाऱ्याच्या 'इफ' मध्ये ठेवला नसेल तर तेही पुन्हा आणखी पोरं काढायला निघतं, तेव्हा पायथन एरर देऊन ते थांबवतो. २०१९ मध्ये, आवृत्ती ३.८ पासून, पायथनने मॅकवरही कोऱ्या पाटीची पद्धत घेतली. म्हणजे ओएस न बदलताही लोकांचे प्रोग्रॅम मोडले, कारण त्यांनी ओएसचा गुण भाषेचा समजला होता.

गिटचाच इतिहास पाहा. २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी ते सुरू केलं तेव्हा त्याचा बराच भाग शेल स्क्रिप्टचा होता: छोटे प्रोग्रॅम, एकमेकांना जोडलेले. लिनक्सवर हा संसार सुखाचा. विंडोजवर दर छोट्या कामाला नवी प्रोसेस उभारताना तो रडतखडत चालायचा. पुढे वर्षानुवर्षं खपून त्या स्क्रिप्ट एकेक करून सी मध्ये लिहिल्या गेल्या, आणि त्यामागे विंडोजवरची गती हे एक मोठं कारण होतं. 'गिट तेच' म्हणणाऱ्यांनी ते 'तेच' करायला किती मेहनत पडली ते विसरू नये.

माझ्या बाजूचा सगळ्यात वजनदार साक्षीदार मात्र मायक्रोसॉफ्ट स्वतः आहे. तिथल्या जेफ्री स्नोव्हर यांनी आधी युनिक्सची साधनं विंडोजवर आणून पाहिली. ती चालली, पण उपयोगी पडली नाहीत. कारण युनिक्समध्ये जवळजवळ सगळा कारभार मजकुराच्या फाइलींतून चालतो, तर विंडोजमध्ये एपीआयमधून. मजकूर कापणारी-जोडणारी हत्यारं तिथे चालवायची कशावर? त्यातून २००२ मध्ये त्यांनी वेगळ्या शेलचा आराखडा मांडला आणि २००६ मध्ये पॉवरशेल आलं, ज्याच्या पाइपमधून मजकूर वाहत नाही, ऑब्जेक्ट वाहतात. मग २०१६ मध्ये कंपनीने उलट्या बाजूने प्रयत्न केला: लिनक्सचे प्रोग्रॅम विंडोजच्या कर्नलवर चालावेत म्हणून त्यांच्या कर्नलला मारलेल्या हाका (सिस्टिम कॉल) भाषांतरित करणारा थर, म्हणजे डब्ल्यूएसएलची पहिली आवृत्ती. काम कौतुकास्पद होतं. तरी फाइलींचा वेग मार खायचा आणि डॉकरसारख्या गोष्टी अडायच्या. २०१९ मध्ये दुसरी आवृत्ती जाहीर झाली तेव्हा त्यांनी भाषांतराचा नाद सोडला आणि व्हर्च्युअल मशीनमध्ये खराखुरा लिनक्स कर्नलच आणून बसवला. जगातली एक बलाढ्य सॉफ्टवेअर कंपनी, स्वतःच्या ओएसचा सगळा सोर्स हाताशी, आणि निष्कर्ष असा की हा फरक लिंपून टाकता येत नाही. आजही मायक्रोसॉफ्टच सांगते की लिनक्सच्या साधनांनी काम करायचं असेल तर प्रोजेक्ट लिनक्सच्या बाजूला ठेवा, सी ड्राइव्हवर नको.

डॉकरचा दाखला देणाऱ्यांनाही हेच उत्तर आहे. मॅकवर किंवा विंडोजवर लिनक्सचा कंटेनर चालतो तो पोटात एक लिनक्स कर्नल दडवूनच. फरक मिटलेला नसतो, तो एक मजला खाली गेलेला असतो. आणि 'मॅक म्हणजे युनिक्सच की' म्हणणाऱ्यांनी मॅकवरचं सेड चालवून पाहावं. तिथली साधनं बीएसडीकडून आलेली. फाइल जागच्या जागी बदलण्याचा लिनक्सवरचा साधा आदेश तिथे एक जास्तीचं आर्ग्युमेंट मागतो. बॅश तर ३.२ वरच थांबलं, कारण पुढच्या आवृत्त्यांचा परवाना ॲपलला नको होता. २०१९ मध्ये त्यांनी मूळ शेलच झेडशेल केलं.

आता मंडनाकडे. ओएस बदलल्यावर प्रोग्रॅमर नेमका काय गमावतो? माझं उत्तर: तो बिघाड ओळखण्याची शक्ती गमावतो. अनुभवी माणसाचा अनुभव बराचसा याच जातीचा असतो. दहा वर्षं लिनक्सवर काढलेल्या माणसाला डिस्क भरल्याची सूचना आली, की तो दोन आदेशांचे आकडे पडताळतो. एक म्हणतो डिस्क भरली, दुसरा म्हणतो फाइली तेवढ्या नाहीत. त्याला लगेच कळतं की कुणीतरी मोठी लॉग फाइल पुसली आहे, पण चालू प्रोग्रॅमने ती अजून धरून ठेवली आहे. युनिक्समध्ये पुसल्यावर जातं ते नाव, आतला ऐवज शेवटचा धरणारा सोडेपर्यंत राहतो. हे ज्ञान विंडोजवर निरुपयोगी आहे, कारण तिथे उघडी फाइल सहसा पुसूच दिली जात नाही. त्याऐवजी दुसरंच संकट येतं: लिनक्सवर लिहिलेल्या टेस्ट तात्पुरती फाइल बंद न करताच पुसायला जातात आणि 'फाइल दुसरा प्रोग्रॅम वापरतोय' म्हणून कोसळतात.

उलट बाजूही तेवढीच खरी. विंडोजवर मुरलेला माणूस इव्हेंट व्ह्यूअर वाचतो, रजिस्ट्रीत कुठे बोट ठेवायचं हे त्याला ठाऊक असतं, आणि मार्क रुसिनोविच यांच्या प्रोसेस मॉनिटरने कुठला प्रोग्रॅम कुठल्या फाइलीवर अडला ते तो झटक्यात काढतो. (रुसिनोविच यांची साधनं इतकी मोलाची की २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनीच विकत घेतली.) त्याला लिनक्सवर बसवलं तर 'परमिशन डिनाइड' पुढे तो फ्रेशरइतकाच हतबल होतो. टायपिंगचा वेग आठवड्यात परत येतो. ही नजर यायला महिने लागतात, आणि ते महिने कुणी मोजत नाही म्हणून माणूस स्वतःलाच मठ्ठ समजायला लागतो. 'काय फरक पडतो' या सुभाषिताचा खरा उपद्रव हा आहे.

यावरून कुणी 'लिनक्सच खरा, बाकी सगळं खेळणं' असा झेंडा नाचवू नये. तेही माझ्या लेखी तितकंच चुकीचं. २००३ मध्ये एरिक रेमंड यांच्या युनिक्सवरच्या पुस्तकाचं परीक्षण करताना जोएल स्पोल्स्की यांनी या दोन संस्कृती वेगळ्या मूल्यांवर उभ्या आहेत असं दाखवलं होतं: युनिक्सवाला दुसऱ्या प्रोग्रॅमरसाठी लिहितो, विंडोजवाला सामान्य वापरणाऱ्यासाठी. आज ही विभागणी तेवढी स्वच्छ राहिलेली नाही, पण मुद्दा शाबूत आहे. विंडोज उघडी फाइल पुसू देत नाही यात वापरणाऱ्याची काळजी आहे. लिनक्स पुसू देतो म्हणून चालू सर्व्हर न थांबवता लायब्ररी बदलता येतात. दोन्ही निर्णय विचारपूर्वक घेतलेले आहेत. जो त्यांना एकमेकांचे अपभ्रंश समजतो त्याला दोन्ही कळत नाहीत.

टीम लीड मंडळींना म्हणून माझी विनंती आहे. नवी ओएस हाती देताना शॉर्टकटांचा कागद चिकटवू नका. तो ज्याचा तो शोधतो. त्याऐवजी त्या यंत्रावर मुद्दाम चार गोष्टी बिघडवून ठेवा: फाइलीच्या नावातलं एक अक्षर मोठं करा, एखादी स्क्रिप्ट विंडोजच्या ओळीअखेरीने सेव्ह करा, एखाद्या प्रोसेसला मरू देऊ नका, एखाद्या फाइलीची मालकी बदला. आणि माणसाला त्या दुरुस्त करू द्या, कामाच्या वेळात, शेजारी त्या ओएसवर मुरलेलं कुणीतरी बसवून. एस्टिमेटमध्ये त्यासाठी वेगळे दिवस लिहा. क्लायंटने विचारलं तर हे शिक्षण आहे असं सरळ सांगा.